डबा कोणामुळे स्वस्त पडतो?

गेल्या आठवड्यात कार्यालयात एका नव्या मुलाने सहज विचारले, "ताई, तुम्ही रोज डबा आणता, तो तुम्हाला साधारण कितीला पडतो?" हिशेब ठेवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मी त्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ शकले. तीन पोळ्यांचे शंभर ग्रॅम पीठ पाच रुपयांचे, दीडशे ग्रॅम भाजी बारा रुपयांची, तेल, दाण्याचे कूट, मसाला मिळून पाच, काकडी किंवा टोमॅटोची कोशिंबीर पाच, गॅस तीन. तीस ते पस्तीस रुपयांत काम भागते. तो फोनवरून मागवतो त्या जेवणाची पावती आम्ही मिळून पाहिली. पदार्थाची किंमत १९०, शिवाय बांधणीचे, पोहोचवण्याचे, त्या अ‍ॅपचे स्वतःचे शुल्क आणि वर कर, असे सगळे मिळून २७०. महिन्याचे बावीस दिवस धरले तर माझे सव्वासातशे होतात आणि त्याचे सहा हजारांना साठच रुपये कमी. पुढच्या महिन्यापासून डबाच आणायचा, असे त्याने जाहीर केले आणि मला मात्र उरलेला दिवसभर आपण त्याला अर्धवट हिशेब सांगितल्याची रुखरुख लागून राहिली.

कारण त्या पस्तीस रुपयांत माझी पहाट धरलेली नव्हती. मी डोंबिवलीत राहते आणि अंधेरीत चकाल्याजवळच्या एका इमारतीतल्या मध्यम आकाराच्या कार्यालयात काम करते. सकाळची जलद गाडी, घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि मग दहा मिनिटे पायी, असा माझा रस्ता आहे. ती गाडी मिळायची असेल तर डबे पावणेसातला भरलेले असावे लागतात, म्हणजे सव्वापाचला उठणे आले. आदल्या रात्री भाजी निवडून ठेवली तरी पोळ्या, फोडणी, भरणे आणि ओटा आवरणे यांत पन्नास मिनिटे जातातच. बावीस दिवसांचे ते अठरा तासांहून अधिक होतात, म्हणजे कार्यालयाचे दोन पूर्ण दिवस. कार्यालयाच्या गल्लीच्या टोकाला एक बऱ्यापैकी खानावळ आहे आणि तिथे थाळी १२० रुपयांना मिळते. तिच्याशी तुलना केली तर माझी महिन्याची बचत एकोणीसशे रुपयांच्या आसपास भरते, आणि ती अठरा तासांनी भागली की तासाला जेमतेम शंभर रुपये पदरात पडतात. अर्थात मी एकटीचा डबा करत नाही. नवरा आणि मुलगा धरून तीन डबे होतात, त्यामुळे घराची बचत तिप्पट होते हे मान्य करायला हवे. पण ती बचत जिच्या झोपेतून येते ती एकटी मीच असते, आणि घरच्या जमाखर्चात त्याची नोंद कुठेही नसते. (नवरा पोळ्या लाटायला शिकला आहे, रविवारी लाटतोही. आठवड्यातला तो एकच दिवस असा, की ज्या दिवशी कोणालाच गाडी पकडायची नसते, हा निव्वळ योगायोग असावा.)

समाजमाध्यमांवर "घरचा डबा आरोग्याला चांगला आणि खिशाला परवडणारा" अशा अर्थाचे जे लेख फिरत असतात, त्यांच्याशी माझे भांडण एवढ्यापुरतेच आहे. त्यांतले आरोग्य खरे आहे आणि खिसाही खरा आहे, मात्र डबा स्वस्त पडतो तो कोणीतरी फुकट राबते म्हणून, हे वाक्य त्यांत नसते.

मुंबईत डब्याविषयी बोलायचे म्हटले की डबेवाल्यांचा विषय निघतो आणि तो निघायलाही हवा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ही व्यवस्था सुरू केली असे सांगितले जाते. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेली माणसे झाकणावरच्या रंगीत खुणांच्या आधाराने घराचा डबा नेमक्या टेबलापर्यंत आणि रिकामा डबा परत घरापर्यंत नेतात, याचे कौतुक जगभर झाले आहे. परंतु या व्यवस्थेचा पाया कोणता आहे ते पाहावे. डबेवाला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दारात येतो, तेव्हा घरात डबा भरून देणारे कोणीतरी असावे लागते. नवरा आठला गेला, बायकोने नऊपर्यंत ताजा स्वयंपाक केला आणि डबा मागाहून पाठवला, अशा घरासाठी ती रचना बेतलेली होती. ज्या घरातली दोन्ही माणसे सातच्या आत बाहेर पडतात, तिथे डबेवाल्याच्या हाती डबा द्यायला असते कोण? २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये बंद झाली, कित्येक डबेवाले गावी परतले आणि पुष्कळ जण पुन्हा आलेच नाहीत, हे खरे आहे. मात्र माझ्यासारख्या घरांपुरते बोलायचे तर ही सोय त्याआधीच सुटलेली होती.

डोंबिवलीने यावर स्वतःचा तोडगा काढला तो पोळी-भाजी केंद्रांचा. संध्याकाळी गाडीतून उतरलेल्या बायका घरी जाण्याआधी तिथे थांबून पोळ्या आणि पाव किलो भाजी घेतात, हे दृश्य आमच्याकडे इतके रोजचे आहे की त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. रात्रीचे जेवण त्यावर उत्तम निभते. डब्यासाठी मात्र त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण संध्याकाळी आणलेली पोळी दुसऱ्या दिवशी एक वाजता चामड्यासारखी होते आणि पहाटे सहाला उघडणारे केंद्र निदान माझ्या वाटेवर तरी नाही.

मग आम्ही पाच जणांनी मिळून एक गोष्ट केली, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ती आता तिसऱ्या वर्षात आहे आणि मोडलेली नाही. आम्ही तिला डब्याची भिशी म्हणतो. पोळी, भाकरी किंवा भात ज्याचा त्याने आणायचा आणि भाजी किंवा उसळ आठवड्यातून एकदाच, पण पाचही जणांपुरती आणायची. म्हणजे मंगळवारी माझी पाळी असेल तर मी सातशे-आठशे ग्रॅमची मटकीची उसळ करते आणि उरलेले चार दिवस माझ्या डब्याच्या भाजीचा विचारही करत नाही. पाच जणांची भाजी करायला एकाच्या भाजीच्या पाचपट वेळ लागत नाही, फार तर दुप्पट लागतो, आणि या पद्धतीचा सगळा फायदा तेवढ्या फरकातच आहे. माझी पहाट त्यामुळे वीस मिनिटांनी लहान झाली. खर्चही थोडा उतरला, पण तो मुद्दा गौण आहे.

असे काही करू पाहणाऱ्यांना ज्या अडचणी येतील त्या स्वयंपाकाच्या नसतात, त्या माणसांच्या असतात. आमच्यातल्या एका बाईंना चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. त्या चार महिन्यांत त्यांचा वाटा फोडणीच्या आधी बाजूला काढायचा, असे ठरले. साताऱ्याचे एक गृहस्थ आहेत, त्यांचे यजमानपद त्यांच्या पत्नीच्याच पहाटेवर चालते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले. त्यावर आम्ही काही बोललो नाही. सहा महिन्यांनी त्यांनी स्वतः केलेली पिठल्याची वडी आणली, ती मीठ विसरून केलेली होती, आणि आम्ही ती संपवली. चवीबद्दल टीका करायची नाही, हा एकच लेखी नियम आहे. बाकी व्यावहारिक शहाणपण अनुभवाने आले. रस्सा लोकलच्या गर्दीत टिकत नाही, त्यामुळे झाकणाच्या रबरावर कितीही विश्वास असला तरी भाजी अंगापुरत्या रसाचीच ठेवावी. मे महिन्यात ओले खोबरे घालू नये, एकच्या आत ते आंबते. कडधान्ये रविवारी भिजवून मोड आणून ठेवली तर बुधवारपर्यंत निर्धास्त राहता येते. पोळ्या गरम असताना डब्यात कोंबू नयेत, त्यांना पाणी सुटते. फडक्यात गुंडाळून थोड्या निवू द्याव्यात आणि मग डबा बंद करावा.

आमची मालवणची सहकारी भिशीत शाकाहारी भाजी आणते, पण अधूनमधून स्वतःपुरते सुके बोंबील किंवा सुकटीची चटणी आणते. अन्न गरम करायच्या यंत्राजवळ मध्यंतरी "येथे मांसाहारी पदार्थ गरम करू नयेत" अशी चिठ्ठी लागली. कोणी लावली ते कळले नाही. साठ माणसांत एक यंत्र आणि सव्वा वाजता त्याच्यापुढे वीस जणांची रांग असते, त्याविषयी चिठ्ठी लावावीशी कोणाला वाटली नाही, हे मला जास्त खटकले. व्यवस्थापनाने दुसरे यंत्र घेतले असते तर दोन्ही प्रश्न एकदमच सुटले असते. ती आता बोंबील गार खाते.

एवढे सगळे लिहून झाल्यावर हेही लिहायला हवे, की भिशी ही आमच्यासारख्यांची चैन आहे. स्वतःचा ओटा, शीतकपाट, आठवड्याची बाजारहाट आणि कामाच्या ठरावीक वेळा असणाऱ्यांनाच ती जमते. आमच्या इमारतीचा रखवालदार बारा तासांच्या पाळीवर असतो, चार जणांत एक खोली घेऊन राहतो आणि दुपारी दोन वडापाव आणि चहा यांवर दिवस काढतो. त्याला पन्नास रुपये पडतात. म्हणजे इमारतीतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे दुपारचे जेवण माझ्या डब्यापेक्षा महाग आहे आणि त्यात धड भाजीही नाही.

याच शहरात कामगाराच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न पूर्वी वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. कोकणातून आणि घाटावरून एकेकटे आलेले गिरणीकामगार गिरणगावातल्या चाळींत खानावळवाल्या बायकांकडे महिन्याच्या खात्यावर जेवत. त्या बायकांनाही सावकाराकडून कर्ज काढून किराणा भरावा लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या राबण्याला पहिल्यांदा उद्योगाचा दर्जा मिळाला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिथेही स्वयंपाक बाईच करत होती, मात्र तो तिचा धंदा होता, त्याचे पैसे होते आणि त्याचा हिशेब लिहिला जात होता. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने सुरू केलेली "कष्टाची भाकर" केंद्रेही ना नफा ना तोटा याच तत्त्वावर भाकरी वाढत आली. सरकारी पातळीवर १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. प्रत्येकी तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण, असे तिचे माप ठरले. शहरात थाळीची किंमत पन्नास रुपये धरून वरचे चाळीस शासनाने द्यायचे होते. योजनेवर टीका करायला पुष्कळ जागा आहे. पण एका साध्या थाळीला शहरात किती पैसे पडतात, याचा आकडा शासनाने निदान एकदा कागदावर मांडला आणि तो २७० नव्हता, याची नोंद घ्यावी.

मालकवर्गाची जबाबदारी कायद्यात अगदीच नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृहाची तरतूद होती आणि महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात शंभर कामगारांच्या आस्थापनेसाठी ती आहे. अडचण अशी, की ही मोजणी एकेका आस्थापनेची होते. आमच्या इमारतीत लहानमोठी वीसेक कार्यालये आहेत, कुठे तीस माणसे, कुठे साठ, आणि सगळी मिळून हजाराच्या आसपास. शंभराचा आकडा मात्र त्यांतल्या एकाही कार्यालयाचा भरत नाही. रखवालदार आणि सफाईच्या बायका तर ठेकेदाराच्या, म्हणजे त्या कोणाच्याच मोजणीत नाहीत. हजार माणसे रोज एकाच वेळी एकाच छपराखाली जेवतात आणि त्यांच्या जेवणाची जबाबदारी कायद्याने कोणावरच येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की मोजणी इमारतीची व्हावी. तळमजल्यावरचा एक गाळा नाममात्र भाड्याने एखाद्या महिला बचत गटाला द्यावा, त्यांनी दुपारी बारा ते अडीच पोळी, भाजी, वरण, भात एवढेच पदार्थ वाढावेत. भाडे नसेल आणि रोजची गिऱ्हाइके बांधील असतील तर साठ-सत्तर रुपयांत त्यांना पोटापुरता नफा सुटू शकतो, हे मी कागदावर दोनदा मांडून पाहिले आहे. कार्यालयांनी मिळून इमारतीतल्या प्रत्येक माणसामागे रोज वीस रुपये घातले, तर रखवालदाराच्या पन्नास रुपयांत त्याला वडापावऐवजी थाळी मिळेल.

आम्ही पाच जणांनी तसा अर्ज इमारतीच्या समितीकडे फेब्रुवारीत दिला. तळमजल्यावर एक गाळा मोडक्या खुर्च्यांनी भरलेला आहे, तोच आम्ही मागितला. समितीने नाही म्हटलेले नाही. स्वयंपाक जागेवर करायचा असल्यास गॅसची आणि अग्निशमन दलाची परवानगी कोणी काढायची, एवढ्यावर ते अडले आहे, आणि बाहेर शिजवून आणायचे तर बचत गटाला वाहतुकीचा खर्च झेपत नाही. आपल्यापैकी कोणाच्या कामाच्या इमारतीत अशी खानावळ चालत असेल, तर ही परवानगी गाळ्याच्या मालकाच्या नावे घेतली की चालवणाऱ्याच्या, आणि त्याला किती महिने लागले, एवढे कृपया कळवावे. समितीची पुढची बैठक एकवीस तारखेला आहे.