स्टाफाचे खांब कुणी कापलेले नाहीत

माझ्या सातवीतल्या भाचीने प्रकल्पवहीत लिहिलं, "स्टाफा बेटावरचे खांब प्राचीन लोकांनी यंत्राने कापले." आधार काय, तर आमच्या घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आलेला मेसेज. स्कॉटलंडजवळच्या या निर्मनुष्य बेटावर म्हणे प्राचीन मंदिर आहे, षट्कोनी खांब निसर्गात होऊच शकत नाहीत, गुहेतला नाद मुद्दाम साधलाय, आयर्लंडपर्यंत पूल होता आणि हे दडवायला बेटावर बंदी आहे.

आधी खांब, कारण मुलांच्या डोक्यात तेच जाऊन बसतं. ते बेसाल्टचे आहेत, आपल्या सह्याद्रीत असतो त्याच जातीचा काळा कातळ. साडेपाच कोटींहून जास्त वर्षांपूर्वी लाव्हा साचला, निवताना आकसला आणि तडकला. तळं आटलं की चिखलाला भेगा पडतात, तशाच. फक्त इथे कातळ जसजसा निवत गेला तसतशा त्या खोल उतरत गेल्या आणि खांब सुटे झाले. २०१८ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत करून पाहिलं. आइसलंडचा बेसाल्ट तापवून, दोन्ही टोकांना घट्ट धरून निवू दिला. ८४० ते ८९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो तडकला. कुणाची छिन्नी लागली नाही. शिवाय स्टाफावरचे सगळे खांब षट्कोनी नाहीतच, पाच आणि सात बाजूंचेही आहेत. यंत्राने कापले असते तर असे झाले असते का? एवढ्या लांब जायलाही नको. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, असेच उभे खांब आहेत.

नादाचं म्हणाल तर तेवढं खरं आहे. स्टाफावरच्या फिंगलच्या गुहेत लाटा घुमतात, तिचं स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं नावच 'सुरेल गुहा' अशा अर्थाचं आहे. १८२९ मध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोन तिथे जाऊन आला, त्याच्या 'हेब्रिडीज' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेशी ही गुहा कायमची जोडली गेलीय. पण ती कोरली समुद्राने.

फिन मॅककूल या राक्षसाने पूल बांधला ही दंतकथा. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवे या किनाऱ्यावरही असेच खांब आहेत आणि दोन्हीकडचा लाव्हा एकाच ज्वालामुखी प्रदेशातला, हे मान्य. त्याने पूल सिद्ध होत नाही.

आणि बंदी? जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १७७२ मध्येच या बेटाची माहिती जगाला दिली. १९८६ पासून ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. उन्हाळ्यात मल आणि आयोना बेटांवरून पर्यटकांच्या बोटी जातात, लोक पफिन पक्षी बघून येतात.

भाचीने ते वाक्य खोडलंय. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला, त्यांनीही त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी.