खडकीची दुसरी लढाई

निखिलचं ऑफिस हिंजवडीत आणि माझं खराडीत. लग्न ठरवताना दोन्हीकडच्या मंडळींनी पत्रिका पाहिल्या, गोत्र पाहिलं, रक्तगटसुद्धा पाहिला. नकाशा कोणी पाहिला नाही. हिंजवडी पुण्याच्या पश्चिम टोकाला आणि खराडी पूर्व टोकाला. मधे अख्खं शहर, नद्या, पूल आणि विद्यापीठ चौक.

कोथरूडच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघं सारखेच हाल सोसत होतो, त्यामुळे संसार सुखाचा चालला होता. मग घरमालकांचा मुलगा अमेरिकेहून परत येणार अशी बातमी आली. ही बातमी पुण्यात दर अकरा महिन्यांनी, करार संपायच्या सुमाराला येतेच. पण या वेळी तो खरोखरच आला, दोन कुत्र्यांसकट. तेव्हा ठरलं की आता भाडं पुरे, घर घ्यायचं. कुठे, एवढाच प्रश्न होता.

निखिल इंजिनिअर असल्यामुळे त्याला हा प्रश्न भूमितीचा वाटला. त्याने नकाशावर दोन्ही ऑफिसांमध्ये सरळ रेघ मारली आणि मध्यबिंदू काढला. तो पडला खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या आसपास. इंग्रजांनी १८६९ साली काढलेला हा कारखाना अजून चालू आहे आणि आवारात टू बीएचके देत नाही.

"थोडं इकडे-तिकडे सरकू," निखिल म्हणाला.

इकडे म्हणजे हिंजवडीकडे आणि तिकडे म्हणजे खराडीकडे, की उलट, यावर आमचा पावसाळा गेला. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशवे आणि इंग्रज याच मुलखात लढले होते. ती लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली म्हणतात. आमची सासूबाईंनी सदाशिव पेठेतून पाहिली.

सासूबाईंच्या मते पुणं लकडी पुलाशी संपतं. पुढचं सगळं गावाबाहेर. कोथरूडला त्यांनी मान्यता दिली होती, पण ती बहीण तिथे राहायला गेल्यानंतर. वाकडचं नाव काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तिकडे आपलं कोण आहे?" या प्रश्नात "आपलं" कोणाकोणाला म्हणायचं, हे साताऱ्याहून पुण्यात सून म्हणून आल्यावर मी हळूहळू शिकले. त्याची यादी इथे देत नाही. सासूबाई वाचतात.

माझ्या आईचं म्हणणं, घर कात्रजच्या बाजूला असावं, म्हणजे साताऱ्याची गाडी घराजवळ सोडेल. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जावयाचं ऑफिस, मुलीचं ऑफिस, शाळा, देऊळ, कशाशीच देणंघेणं नव्हतं. ते प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचे : "पाणी कुठलं?"

पुण्यात घर विकणाऱ्याला विचारू नये असा हा एकच प्रश्न आहे, हे आम्हाला ताथवड्यात कळलं. एजंट आम्हाला रविवारी सकाळी अकरा वाजता घेऊन गेला होता. (साइट व्हिजिट नेहमी रविवारी अकरालाच असते. तेव्हा भुमकर चौकात क्रिकेट खेळता येईल इतकी जागा असते.) सॅम्पल फ्लॅट सुंदर होता. आतल्या खोल्यांना दारं नव्हती, पलंगावर निखिलचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले असते, पण खोल्या मोठ्या दिसत होत्या खऱ्या. एजंट क्लब हाउस, जॉगिंग ट्रॅक, ज्येष्ठांसाठी कट्टा असं दाखवत असताना बाबांनी विचारलं, "पाणी कुठलं?"

"कॉर्पोरेशनचं, सर. पवनेचं."

"रोज येतं?"

एजंटने स्विमिंग पूलकडे पाहिलं. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे. धरण भरलं तरी दिवसाआडच. बाबांना हे अर्थातच माहीत होतं. ते परीक्षा घेत होते. "म्हणजे वर्षाचे १८२ दिवस," ते मला म्हणाले, "आणि पोहायला ३६५."

सोमवारी सकाळी नऊला बाबांच्याच आग्रहावरून आम्ही पुन्हा भुमकर चौकात जाऊन उभे राहिलो. एजंटच्या हिशेबाने निखिलचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं. हलणारं एकही वाहन न दिसल्यामुळे खात्री करता आली नाही. माझ्या खराडीचं तर त्या चौकात नावही काढवेना.

मग आम्ही तिकडे सरकलो. वाघोलीचा एजंट वाघोली म्हणायलाच तयार नव्हता. तो म्हणायचा "खराडी अ‍ॅनेक्स". असं हल्ली सगळीकडेच आहे. सूसला बाणेर अ‍ॅनेक्स म्हणतात, उंड्रीला एनआयबीएम अ‍ॅनेक्स. शिकली-सवरलेली गावं आहेत ही, स्वतःची ग्रामदैवतं, स्वतःच्या यात्रा असलेली; पण विकायला काढली की बिचारी कोणाची तरी शेपटी होतात. वाघोली, सूस आणि आणखी २१ गावं २०२१ साली महापालिकेत आली. पाणी तेवढं मागून येतंय.

"पाणी कुठलं?" बाबांनी विचारलं.

"भामा-आसखेडची लाइन येणार आहे, सर."

"तोवर?"

"टँकर. पण त्याचं टेन्शन नाही, त्याचा खर्च मेंटेनन्समध्येच धरलाय." हे त्याने जिमच्या पुढच्या ओळीत, अ‍ॅमेनिटी म्हणून सांगितलं.

धानोरीत पाण्याचा प्रश्न येण्याआधीच निकाल लागला. गच्चीवर उभं राहून एजंट म्हणाला, "मॅडम, इथली मेन गोष्ट म्हणजे शांत—" आणि लोहगावच्या विमानतळावरून हवाई दलाचं सुखोई उडालं. त्याचे ओठ हलत राहिले. विमान गेल्यावर तो म्हणाला, "...विशेषतः संध्याकाळी." निखिलला मात्र ती जागा फार आवडली. लहानपणी त्याला पायलट व्हायचं होतं. मी त्याला खाली ओढत आणलं.

उंड्री-पिसोळीची बाजू निखिलच्या एक्सेल शीटमधून निघाली. आता तो अंतराऐवजी वेळ मोजत होता आणि दोघांच्या वेळेतला फरक कमीत कमी हवा, असं सूत्र त्याने घातलं होतं. उंड्रीहून हिंजवडीलाही तेवढाच वेळ लागत होता आणि खराडीलाही जवळपास तेवढाच. दोघांनाही समान अन्याय. तो हे इतक्या आनंदाने सांगत होता की माझ्याने पटकन बोलवेना. आई पण खूश झाली, कात्रज जवळ म्हणून. सासूबाईंनी उंड्रीचा उच्चारही केला नाही.

बाणेरबद्दल काय सांगू. बाणेरला आम्ही गेलो, किंमत ऐकली, चहा घेतला, आणि परत आलो. एक सल्ला फुकट देते : ज्या इमारतीच्या नावात नदी असते, तिथे पावसाळ्यात एकदा नाल्याच्या बाजूने चक्कर मारावी.

शेवटी मदतीला आलं ते मुद्रांक शुल्क. बाबांनी कुठूनसं शोधून काढलं की पुण्यात पुरुषाला ७ टक्के लागतात आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. ही सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. आमचं बजेट ८० लाख, म्हणजे सरळ ८० हजार वाचत होते. नोंदणी फी वरून ३० हजार, ती काही कोणाला चुकत नाही. ८० हजारांचा आकडा ऐकल्यावर सदाशिव पेठेतून प्रथमच विरोध आला नाही. तिथे तत्त्वांना किंमत आहे, पण पैशांना हिशेब आहे.

"पूर्वी या सवलतीला एक अट होती," बाबा निखिलला समजावत होते. "१५ वर्षं पुरुषाला विकता यायचं नाही. २०२३ साली काढली ती."

"म्हणजे आता ही मला विकू शकते?"

"घर, निखिल," मी म्हटलं.

मालकीण मी, कर्जाला सहअर्जदार तो. म्हणजे हप्ता भरायला तो चालणार होता. आणि घर जिच्या नावावर, तिचं ऑफिस एक्सेलमध्ये जरा जड धरायला नको का? मी हे एकदाच, भाजी निवडता निवडता बोलले. त्या रात्री शीटमध्ये एक नवा रकाना आला : "मेट्रो".

मेट्रोने भूमितीच बदलली. पिंपरीकडून येणारी जांभळी लाइन आणि वनाझहून येणारी निळी, दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात. तिथे गाडी बदलली की मी रामवाडीपर्यंत बसून जाते, पुढे रिक्षा. हिंजवडीच्या मेट्रोचे तेव्हा खांब उभे होते, प्रवाशांना घेणारी गाडी नव्हती. पण खांबांकडे पाहून निखिल खूश होता. त्याने बोट जांभळ्या लाइनवरून वर नेलं : शिवाजीनगर, रेंजहिल्स, खडकी, बोपोडी. बोपोडीवर थांबलं. आमच्या मूळ मध्यबिंदूच्या शेजारी, लष्कराच्या कुंपणाबाहेर.

घर जुनं होतं, रिसेलचं. क्लब हाउस नाही, जॉगिंग ट्रॅक नाही, नावात नदी नाही. जवळून लोणावळा लोकल जाते तेव्हा स्वयंपाकघरातल्या वाट्या एकमेकींशी बोलतात. जीएसटी नाही, कारण इमारत कधीचीच पूर्ण झालेली. एजंटही नव्हता; मालक आजोबा स्वतः दाखवत होते आणि सगळे दोष आधीच सांगत होते. गच्ची गळायची, आता दुरुस्त केलीय. शेजारी तबला शिकवतात. लिफ्ट सोमवारी रुसते.

बाबांनी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "पाणी रोज सकाळी येतं. टाकी दाखवू का?"

दोघं वर गेले ते तासभर खाली आले नाहीत. आजोबाही सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले निघाले. टोकन द्यायचं ठरलं ते बहुधा टाकीच्या झाकणावरच. आम्हाला खाली आल्यावर कळवण्यात आलं.

राहता राहिल्या सासूबाई. निखिलने घाबरत घाबरत "बोपोडी" म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि नकाशा मागितला. बोट ठेवून बराच वेळ आजूबाजूची नावं वाचत बसल्या. मग कोथरूडच्या बहिणीला फोन लावला.

"हो गं, झालं एकदाचं पसंत. औंधला. हो हो, औंधच म्हण की. जरासं अलीकडे."