वाईट विचारांची निगा कशी राखावी

हल्ली जो उठतो तो सांगतो, निगेटिव्ह विचार सोडून द्या. अहो पण का म्हणून? एवढी वर्षं रात्र रात्र जागून सांभाळलेत ते, आणि आता कुणाचं तरी भाषण ऐकून एका दिवसात सोडायचे? मला विचाराल तर नीट पोसलेला निगेटिव्ह विचार ही जन्माची सोबत आहे, फक्त त्याची निगा राखता आली पाहिजे. (खरोखरचं डिप्रेशन असेल तर हे वाचणं बंद करा आणि डॉक्टरकडे जा, तिथे मस्करी नाही.)

सुरुवात छोट्या गोष्टीपासून करा. समजा मित्राला मेसेज टाकलात, दोन्ही टिका निळ्या झाल्या आणि उत्तर काही येत नाहीये. नवशिका माणूस म्हणेल असेल कामात, आणि झोपून जाईल, म्हणजे आख्खी रात्र वाया. तुम्ही आधी आपलाच मेसेज अकरा वेळा वाचायचा, मग त्यातलं 'बरं का' त्याला टोचलं असणार असं ठरवून टाकायचं, मग मागच्या महिन्यात तो आपल्या जोकवर जरा उशिरा हसला होता ते उकरून काढायचं, मग अजून कोण कोण हल्ली तुटक बोलतं त्याची मोजदाद, आणि रात्री दोनच्या सुमाराला आपल्या अंत्ययात्रेला चारच माणसं आलीयेत आणि त्यातला एक सारखा घड्याळ बघतोय इथपर्यंत पोचायचं. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात, आपण सुतावरून नरक गाठायचा, सूत तेवढंच लागतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही, वैऱ्याला एवढा वेळ कुठे असतो.

एक पथ्य मात्र कडक पाळा. त्याला फोन करून 'काय रे, रागावलायस का' असं विचारू नका. विचारलंत की मेला विचार.

लिहायचं पण नाही. आरन बेक नावाचे एक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी १९६०च्या दशकात ही लिहायची भानगड आणली. त्यांचं म्हणणं असं की मनात आपोआप उगवणारा विचार ही काही बातमी नसते, नुसता अंदाज असतो, तर तो कागदावर उतरवा, बाजूचा पुरावा लिहा, विरुद्धचा लिहा आणि मग काय उरतं ते बघा. आता 'बरं का' या दोन शब्दांवर उभी केलेली केस कुठल्या कोर्टात टिकेल? तेव्हा पेन लांब ठेवा. डोक्यात असताना तो धुरासारखा घरभर असतो, कागदावर आला की जेमतेम दीड ओळ भरते, लाज वाटते हो.

विचार अशक्त वाटायला लागला तर त्याला मनाई करा, हे टॉनिक आहे. डॅनिएल वेगनर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली लोकांना बसवून सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. वर आणि नंतर परवानगी दिल्यावर, पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा ह्यांनाच अस्वल जास्त दिसलं! तर 'मी अजिबात टेन्शन घेणार नाही' असं दिवसातून तीनदा म्हणा, अस्वल दारात हजर.

आरशासमोर उभं राहून 'मी खूप छान आहे' म्हणणं पण चालेल. आधीच स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटतं असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलंय, म्हणजे आपल्याच फायद्याचं.

आणि सगळे आपल्याकडेच बघतायत हे धरून चाला. २००० साली एक प्रयोग छापून आला होता, त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी पाहिला, प्रत्यक्षात पाव लोकांच्या पण लक्षात आला नाही. असले प्रयोग वाचू नका, फार अपमान होतो.

आता सकाळी मित्राचा मेसेज येईल, 'अरे झोप लागली काल. बोल.' गडबडून जाऊ नका, सगळं संपलेलं नाहीये. 'बोल' पुढे पूर्णविराम का दिलाय ते बघा.