फोडणीची बंदूक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर ऑफिस ओस पडतं. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीनं हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि राज्यातली पाच लाखांहून जास्त माणसं रानात शिरतात. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याला जसं कुणी रजेचं कारण विचारत नाही, तसंच इथं. वीस वर्षं मी मागे राहून सगळ्यांचे फोन घेतले. मग शेजारच्या आजोबांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "तू का येत नाहीस?" आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या आजोबांना आमच्या घरात तात्या म्हणतात. पूर्वज जर्मन, दाढी पांढरी, पण दुसऱ्याचं काम बघत उभं राहण्याची हातोटी अस्सल वाड्यातली.

बंदूक घेण्याआधी शिकारीचा वर्ग करावा लागला. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथं तो सक्तीचा आहे. माझा जन्म मार्च १९७३ चा. अडीच महिन्यांनी हुकलो आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बाकावर बसलो. त्यांना सगळं येत होतं.

रीतसर एक जुनी रायफल घेतली. दस्ता प्लास्टिकचा, सगळी काळी कुळकुळीत. तात्यांनी हातात घेऊन खालवर पाहिली. "झकास आहे. पण काळी आहे. रानात अशी सरळ काळी रेघ कुठं असते? रंगव हिला. पानाफुलांची. दोन तासांचं काम आहे."

स्वतःच्या अक्रोडी दस्त्याच्या रायफलीला त्यांनी उभ्या जन्मात रंगाचं बोट लावलेलं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हंगामाच्या आदल्या रविवारी गराजमध्ये टेबल मांडलं. बोल्ट काढला, गोळी बसते ते चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहिलं, बोट घालून पाहिलं, वर्गातली पोरं आठवली म्हणून परत पाहिलं. आता तेल काढायचं. बंदुकीला जन्मभर तेल पाजायचं आणि रंगवायच्या दिवशी तिला तेलाचा थेंबही सोसत नाही. तेल राहिलं तर तिथला रंग पापुद्र्यासारखा निघतो. असिटोननं काही प्लास्टिक विरघळतं असं ऐकून होतो, म्हणून औषधाच्या दुकानातलं अल्कोहोल आणलं. तीन जुने बनियन खर्ची पडले. त्यातला एक जुना नव्हता, असं बायकोचं म्हणणं.

मग चिकटपट्टी. या कामात रंगवणं नावालाच असतं, खरा प्रकार पट्टी लावण्याचा. दुर्बिणीच्या दोन्ही काचा, तिच्या फिरकीवरचे आकडे, घोडा, काडतूस बाहेर पडायची खिडकी, सगळं निळ्या पट्टीनं झाकायचं. नळीच्या तोंडात कानात घालायचा फोमचा बोळा. घोड्याच्या कमानीत पट्टी बसवताना ती कमानीला न चिकटता माझ्या अंगठ्याला चिकटायची, अंगठ्यावरून सोडवली की तर्जनीला. सव्वादोन तासांनी पाहिलं तर बंदूक अपघात वॉर्डातून सुटून आल्यासारखी दिसत होती. तात्या कॉफीचा मग घेऊन दारात उभे होते. म्हणाले, "दोन तास म्हटलं ते याचेच."

रंगाच्या डब्यावर लिहिलं होतं, हवा १० ते ३२ अंशांची हवी. गराजमध्ये ६ होते. हीटर लावावा तर हे फवारे पेट घेणारे. तळघरात न्यावं तर तिथं पाणी तापवायच्या बंबाची ज्योत. तात्या म्हणाले, डबे कोमट पाण्याच्या बादलीत ठेव. ठेवले. डबे उबदार झाले. बंदूक मात्र बर्फाच्या लादीसारखीच राहिली, आणि रंग डब्याला नव्हे, बंदुकीला द्यायचा आहे हा मुद्दा आम्हा दोघांच्याही लक्षात आला नाही.

पहिला हात खाकीचा. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकात पेशावरच्या बाजूला इंग्रजांच्या एका पलटणीनं मातीत मिसळणारे कपडे घातले आणि हा फारसी शब्द जगभर गेला. डबा मिनिटभर खुळखुळ्यासारखा हलवायचा, वीतभराहून थोडा लांब धरायचा आणि हात सतत हलता ठेवायचा. हात थांबला की ओघळ. माझा हात थांबला, कारण मध्येच आईचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीला रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि तिला झोप येत नव्हती. फोन बंदुकीकडे वळवला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शेणानं सारवलीस होय रे?"

आता नक्षी. पहिला हात वाळला की त्यावर पान धरायचं, वरून दुसरा रंग हलकेच मारायचा आणि पान उचलायचं. खाली पानाचा आकार राहतो. खवल्यांसारख्या नक्षीसाठी जाळी वापरतात, ती कांद्याची मिळाली. पण नोव्हेंबरच्या मध्यावर विस्कॉन्सिनमध्ये पान कुठून आणायचं? झाडांचे खराटे झालेले. तात्या म्हणाले, "नेचं हवं. लांब दांडी, दोन्हीकडे ओळीनं पानं."

असं एक झाड आमच्या घरात होतं.

ज्यांचं वास्तव्य इथं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. भारतातून ओला कढीपत्ता अमेरिकेत आणता येत नाही. लिंबू-संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारा किडा त्यावर राहतो, म्हणून बंदी आहे. त्यामुळे इथल्या थंडीत कुंडीतून जगवलेलं कढीपत्त्याचं झाड ही घरातली तिसरी मुलगी असते. आमचं नऊ वर्षांचं आहे. सप्टेंबर संपायच्या आत ते घरात येतं, दक्षिणेच्या खिडकीत बसतं, त्याच्यासाठी वेगळा दिवा आहे. माझ्यासाठी नाही. बायको दुकानात गेली होती. मी चार काड्या तोडल्या, चौघांच्या नजरेत येणार नाहीत अशा, मागच्या बाजूनं.

पहिला हात वाळला नव्हता. हे मला माहीत होतं. पण बायको यायच्या आत काम उरकायचं होतं. काड्या दाबून धरल्या, शेवाळी रंग मारला, त्यावर चॉकलेटी, कांद्याच्या जाळीतून थोडा मातकट. मागे सरकून पाहिलं तर खरंच सुरेख दिसत होतं. मग पानं उचलायला गेलो. दोन काड्या निघाल्या. उरलेल्या दोन रंगात बसल्या होत्या, नखानं काढायला गेलो तर पानाबरोबर खाकीही येऊ लागली. तात्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "हे तर आणखी खरं दिसतं."

शनिवारी पहाटे अंधारात निघायच्या तयारीत असताना त्यांनी मला एक जाकीट दिलं. डोळे दिपवणारं नारिंगी. कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी असे झगझगीत नारिंगी हवेत, असा इथला कायदा आहे. २०१६ पासून गुलाबीही चालतो. एका शिकाऱ्याला दुसरा शिकारी दिसावा, म्हणून.

"म्हणजे बंदूक लपवायची आणि मी दिसायचं?" मी विचारलं.

"हरणाला नारिंगी कळतच नाही," तात्या शांतपणे म्हणाले. "त्याला लाल-नारिंगी ओळखता येत नाही. निळा मात्र चांगला दिसतो."

मी खाली पाहिलं. जीन्स घातली होती.

नळीतला बोळा आठवणीनं काढला होता, तेवढं एक बरं केलं. चार तास आम्ही एका ओकच्या झाडाखाली बसलो. बोटं गेली, नाक गेलं. नाक गेलं हे माझं. तात्यांचं शाबूत होतं. त्यांनी बंदूक जवळ ओढून हुंगली. आठवडा झाला तरी रंगाचा भपकारा होता, आणि त्याच्या खालून अगदी बारीक, पण चुकणार नाही असा, कढीपत्ता. "हरणाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट," ते म्हणाले. "एव्हाना सगळी शेजारच्या इलिनॉय राज्याच्या हद्दीत गेली असतील." हे त्यांनी रविवारी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "तू इतका रंगून गेला होतास."

संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी आलो. वरण-भात वाढला होता. वरणावर फोडणी होती, हिंग होता, मोहरी होती. मी चमच्यानं वरण दोनदा ढवळलं.

"कढीपत्ता घालायचा राहिला का?"

बायकोनं मान वर केली नाही. "हवा असेल तर बंदुकीवरचा खरवडून घे," ती म्हणाली.