"कॅशचं हार्डवेअर बघून घेतं" म्हणे!

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या एम्बेडेडवाल्या (उपकरणांतल्या छोट्या कॉम्प्युटरचा कोड लिहिणाऱ्या) पोरांमधे एक फॉरवर्ड फिरतोय. कॅश कोहेरन्सी (प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीतला, म्हणजे कॅशमधला, डेटा बाकीच्यांशी जुळता ठेवणं) हार्डवेअर सांभाळतं, कर्नलमधे (लिनक्सच्या गाभ्यात) टेन्शन घ्यायचं नाही, डेटा जुना दिसला तर व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच असं कंपायलरला सांगणारा सीमधला शब्द) लावा, प्रिंट-के (कर्नलमधून मेसेज छापणारा कॉल) टाकल्यावर बग गेला तर विषय संपला, आणि नाहीच गेला तर बोर्ड गरमीने गेलं समजा. भाऊ, एवढं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

"हार्डवेअर सांभाळतं" हे अर्धंच खरंय. प्रोसेसरच्या कोअर-कोअरमधलं सांभाळतं, मान्य. पण डीएमएचं, म्हणजे सीपीयूला मधे न घेता डिव्हाइस थेट रॅम वाचतं-लिहितं त्याचं, काय? लॅपटॉपच्या एक्स८६ प्रोसेसरवर डीएमएसुद्धा कोहेरंट असतो म्हणून ड्रायव्हर मस्त चालतो, आणि तोच ड्रायव्हर ड्रिप कंट्रोलरच्या स्वस्तातल्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर टाकला की रडतो, कारण तिथे बऱ्याचदा डिव्हाइस सरळ रॅममधे लिहितं आणि कॅशला पत्ताच नसतो. म्हणून तर डीएमए मॅप (बफर डिव्हाइसच्या ताब्यात देणं), अनमॅप (परत घेणं), सिंक (मधेच कॅश जुळवणं) हे कॉल आहेत, शोभेला नाहीत ते.

खरी गंमत पुढे आहे. समजा एका स्ट्रक्चरमधे रिसीव्ह बफर (डिव्हाइसकडून येणारा डेटा ठेवायची जागा) आहे आणि त्याला चिकटून एक काउंटर, दोन्ही एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनमधे (कॅश रॅममधून एका वेळी आणते तो तुकडा). बफर मॅप केला, डिव्हाइस रॅममधे लिहितंय, तेवढ्यात सीपीयूने काउंटर वाढवला. झालं! अख्खी लाइन जुन्या बाइटांसकट कॅशमधे आली आणि डर्टी झाली, म्हणजे बदललेली पण रॅममधे परत न लिहिलेली. आता एकतर ती परत रॅममधे जाऊन नवा डेटा पुसणार, नाहीतर अनमॅपच्या वेळी इन्व्हॅलिडेट होऊन (कॅशमधली प्रत फेकली जाऊन) काउंटरच मागे जाणार. हे पकडायला मॅप करायच्या आधी बफर ओळखीच्या एकाच बाइटने भरा आणि नंतर डंप काढून (बाइट जसेच्या तसे छापून) बघा जुना बाइट कुठून कुठपर्यंत उरलाय. तुकडा ६४ च्या हद्दीवर सुरू होत असेल किंवा संपत असेल तर कॅशवरच संशय घ्या. बफर वेगळा केमॅलॉक करा (कर्नलकडून त्याच्यासाठी स्वतंत्र मेमरी घ्या), बहुतेक तिथेच मिटतं.

व्होलाटाइलबद्दल तर कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधेच वेगळं पान आहे, वापरू नका म्हणून. ते फक्त कंपायलरला आवरतं. आधी डेटा आणि मग फ्लॅग (डेटा तयार असल्याची खूण) लिहिला तरी एआरएमवर दुसऱ्या कोअरला फ्लॅग आधी दिसू शकतो, भुसावळच्या यार्डात शंटिंगला डबे मागेपुढे व्हावे तसं, आणि यात कॅश एकदम कोहेरंट असते बरं का! तिथे लिहिणाऱ्याकडे स्टोअर-रिलीज आणि वाचणाऱ्याकडे लोड-अक्वायर (क्रम राखून लिहिणं आणि वाचणं) ही जोडीच लागते, एकच बाजू लावून भागत नाही.

प्रिंट-केने टायमिंग बदलतं, त्यात लॉकही घेतले जातात. बग गेला नाही, लपला.

राहिली गरमी. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो म्हणून सगळं उन्हावर ढकलायला बरं पडतं. पण उन्हाने बिघडलेली रॅम दर वेळी नेमकी कॅश लाइनच्या हद्दीवर कशी बिघडेल? चिपचे खरे दोषही असतात, नाही असं नाही. एआरएमच्या कॉर्टेक्स-ए५३ कोअरच्या काही आवृत्त्यांसाठी कर्नल कॅशच्या नुसत्या क्लीनऐवजी (डर्टी लाइन रॅममधे लिहिण्याऐवजी) क्लीन-अँड-इन्व्हॅलिडेट करतं, पण ते इराटामधे (चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत) लिहिलेलं असतं, कर्नलच्या कॉन्फिगमधे ऑप्शन असतो, बघून घ्या. आणि बोर्ड परत पाठवायच्या आधी कर्नलचं डीएमए एपीआय डीबग (डीएमएचे कॉल तपासणारी सोय) चालू करून एकदा बूट करा. मॅप-अनमॅपचे घोळ ते लगेच सांगतं, शेजारच्या काउंटरला कोणी हात लावला ते मात्र त्याला दिसत नाही, त्याला डंपच लागतो.