दात काढलाय? त्या मेसेजमधलं काही करण्याआधी हे वाचा

'दात काढल्यावर डॉक्टर सांगत नाहीत ते उपाय' हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात लिहिलंय: घरी पोचताच मीठपाण्याने खळखळून गुळण्या करा, रक्त सारखं थुंकत राहा, खड्ड्यात लवंगतेलाचा बोळा किंवा हळद भरा, गालाला गरम शेक द्या, दुखलं तर ॲस्पिरिनची गोळी तिथेच दाबून ठेवा. आणि शेवटी, वरचा दात काढूच नका, नजर जाते. मी दातांची डॉक्टर आहे, आणि या मेसेजने झालेला त्रास मला दवाखान्यात निस्तरावा लागतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी गुळण्या आणि थुंकणं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दात निघाला की खड्ड्यात रक्त साकळतं आणि त्याची गाठ धरते. ती घाण नव्हे. खालचं हाड आणि नसांची टोकं झाकणारं ते झाकण आहे, आणि नवं मांस त्याच्याच आधाराने भरत येतं. खळखळून गुळणी केली, जोराने थुंकलं किंवा स्ट्रॉने ओढून प्यायलं की ते झाकण निघून येतं. एक मावशी खालची दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी कानावर हात दाबून आल्या. दुखणं जबड्यातून कानात चाललं होतं, तोंडाला वास येत होता. आत पाहिलं तर गाठ नाहीच, राखाडी कोरडं हाड उघडं पडलेलं. "अहो डॉक्टर, मीठपाणी चांगलंच असतं ना? रात्रीपर्यंत सहा वेळा केलं की मी." याला ड्राय सॉकेट म्हणतात. एरवी शंभरातल्या दोन ते पाच जणांना होतो, खालच्या अक्कलदाढेला त्याहून बराच जास्त. मावशींचा खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली, दोन दिवसांनी बदलली, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

मीठपाणी चांगलंच आहे, पण 24 तासांनंतर. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात घोळवायचं आणि मान वाकवून आपोआप पडू द्यायचं. पहिल्या दिवशी फक्त कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा, दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी तोंडभर लाल दिसतं. ती लाळ गिळली तरी चालते.

लवंगतेलाचा मुद्दा थोडा समजून घ्या. त्यातलं युजेनॉल आम्हीही ड्राय सॉकेटच्या पट्टीत वापरतो, पण मोजून आणि मिसळून. घरचं तेल ताज्या जखमेत ओतलं की हिरडी भाजते. हळदीची पूड खड्ड्यात अडकून बसते, ती दुधातून घ्या. आणि मेसेजमध्ये नाही, पण विचारायलाच हवं: मशेरी, तंबाखू, सिगारेट? जखम भरेपर्यंत नको, निदान तीन दिवस तरी अजिबात नाही. मावशींनी मशेरीचं मला खूप उशिरा सांगितलं. रागावतील म्हणून लपवू नका हो.

शेक पहिल्या दिवशी थंड: रुमालात बर्फ गुंडाळून गालावर 15 मिनिटं, मग तेवढीच विश्रांती. गरम शेकाने रक्तस्राव वाढतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, घाबरू नका. जेवायला गार झालेली पेज, मऊ खिचडी, दहीभात, दुसऱ्या बाजूने.

ॲस्पिरिन हिरडीवर ठेवलं की तिथली त्वचा पांढरी पडून सोलून निघते, शिवाय रक्त थांबायला वेळ लागतो. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीच घ्या. पण हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका. दात काढण्याआधी आम्हाला सांगा, रक्त आम्ही तिथल्या तिथे थांबवतो. मधुमेह असेल तर तोही सांगा, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं चालू असतील तर तीही.

नजरेचं साफ खोटं. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. उलट वरच्या सडक्या दाढेतला पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढतो, म्हणजे धोका ती दाढ तशीच ठेवण्यात आहे.

बोळा पुन्हा अर्धा तास दाबूनही रक्त वाहतंच आहे, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतेय, ताप आलाय, तोंड उघडेना, तर लगेच दाखवा. जिभेखाली सूज येऊन गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर आमचा दवाखाना उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.