नाशिकच्या झाडांची सामायिक नोंदवही

नाशिक जिल्ह्यात कोणती झाडे लावावीत, या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही, हे नुसते पावसाचे आकडे पाहिले तरी कळते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला येवला, मालेगाव, सिन्नर या भागांना ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास भागवावे लागते. निफाडचा पारा हिवाळ्यात इतका उतरतो की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून ठेवतात, तर मालेगाव उन्हाळ्यात ४३ अंशांपर्यंत तापते. तरीही जून उजाडला की रोपवाटिकेत जी रोपे शिल्लक असतील ती गाडीत भरून सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत सारखीच पोहोचवली जातात, आणि पुढे कित्येक वर्षे कोणीही त्यांच्याकडे वळून पाहत नाही.

ही पोस्ट वृक्षारोपणाच्या विरोधात नाही. झाडांवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्यांच्याबाबतीत आपण इतके कमी शिकतो याचे मला वाईट वाटते. राज्याने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. एवढ्या प्रचंड उपक्रमातून कोणती जात कोणत्या मातीत, किती पावसावर, कोणाच्या राखणीने जगली याची तालुकावार माहिती सामान्य नागरिकाच्या हाती सहज आली असती, तर पुढच्या पन्नास वर्षांची निवड आज किती सोपी झाली असती! आज लावलेले जांभूळ २०७५ च्या उन्हात उभे राहणार आहे. त्या उन्हाचा विचार करून जात निवडायची, तर एका माणसाचा किंवा एका खात्याचा अनुभव पुरत नाही. त्यासाठी अनेकांनी मिळून, अनेक ठिकाणी, अनेक वर्षे चालवलेले संशोधनच लागते.

असे संशोधन जगात झालेले आहे. दक्षिण-पूर्व चीनमध्ये डोंगरउतारांवर शास्त्रज्ञांनी एकेका जातीची स्वतंत्र लागवड आणि दोन, चार, आठ, सोळा जातींची मिश्र लागवड शेजारी शेजारी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठ वर्षांनंतर सोळा जातींच्या मिश्र लागवडीत साठलेला कार्बन एकसुरी लागवडींच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक होता. फिनलंडपासून पनामापर्यंत असे अनेक प्रयोग आता एकमेकांशी जोडलेले आहेत, कारण एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या मातीत टिकतो का, हे एकट्याने तपासता येत नाही. आपल्या देशात मुदुमलाईच्या जंगलात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून ५० हेक्टरच्या तुकड्यातील झाडे क्रमांक देऊन मोजत ठेवली आहेत. एक सेंटीमीटर जाडीचे खोडही त्यातून सुटत नाही. दुष्काळ, वणवा, हत्ती या सगळ्यांतून कोण तरले आणि कोण गेले, हे तिथे अंदाजाने सांगावे लागत नाही.

नाशिक शहरापुरते बोलायचे, तर सर्वांत निकडीचा प्रश्न उन्हाळ्यातील गारव्याचा आहे. झाड दोन प्रकारे गारवा देते: सावलीने आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने. पण जमिनीत ओल उरली नाही की झाड पर्णरंध्रे मिटून घेते आणि दुसरा मार्ग जवळजवळ बंद होतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत अंगावर पाने कोणाच्या असतात, हा प्रश्न निर्णायक ठरतो. मूळचा मादागास्करचा असलेला गुलमोहर भर उन्हाळ्यात बराच काळ निष्पर्ण असतो. उलट कडुनिंब आणि करंज उन्हाळा चढू लागताच नव्या पालवीने भरतात आणि जांभूळ सहसा पूर्ण उघडे पडत नाही. मग गंगापूर रोडवर काय हवे आणि सातपूरच्या कारखान्यांलगत काय हवे, हे ठरवताना या निरीक्षणांना स्थान का नसावे? अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये शहरांसाठी एक साधा निकष मांडला होता. एका जातीची झाडे १० टक्क्यांहून अधिक नकोत, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून अधिक नकोत आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक नकोत, म्हणजे एखादा रोग किंवा कीड आली तरी सगळे शहर एकदम उघडे पडणार नाही. हा निकष जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. आपल्या प्रत्येक प्रभागाची टक्केवारी काढून ती या निकषाशेजारी ठेवली, तरी खूप काही समजेल.

जैवविविधतेचा हिशेब मात्र टक्केवारीत मावत नाही. उंबर, वड, पिंपळ यांचे परागीभवन ठरावीक जातीच्या चिमुकल्या वरट्या (गांधीलमाशीच्या जातकुळीतले कीटक) करतात, आणि त्या वरट्यांची पुढची पिढी त्याच फळांत वाढते. परिसरात कुठे ना कुठे फळे धरलेले झाड असेल, तरच ही साखळी टिकते. उंबर वर्षातून अनेकदा फळतो, म्हणून इतर झाडांवर काही नसतानाही हरियाल, तांबट, कोकीळ आणि वटवाघळे यांना तो सांभाळून घेतो. काटेसावर, पळस आणि पांगारा ऐन पानगळीत फुलतात व पक्ष्यांना मध पुरवतात. (एकेकाळी आपल्याकडील द्राक्षवेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवत असत. लोखंडी अँगल आणि तारा आल्यावर बागेतून तो पांगारा गेला, आणि त्याच्यासोबत आणखी काय गेले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.) तोडलेल्या एका जुन्या उंबराच्या बदल्यात शंभर शोभेची रोपे लावली, तर संख्या वाढते, पक्ष्यांच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे: सगळीकडे झाडे लावणे म्हणजे निसर्ग जपणे नव्हे. येवला तालुक्यातील ममदापूरचे राखीव क्षेत्र काळविटांसाठी आहे. काळवीट, लांडगा, धाविक व चंडोल पक्षी हे सारे मोकळ्या गवताळ माळरानाचे जीव आहेत. अशा माळावर खड्डे आणि चर खोदून गिरिपुष्पाच्या किंवा सुबाभळीच्या रांगा उभ्या करणे हे त्यांचे घर मोडणे आहे. ‘पडीक’ म्हणून ज्या जमिनीची नोंद होते, ती पुष्कळदा मेंढपाळांचे कुरण असते. झाड कुठे लावू नये हेही संशोधनानेच सांगायचे असते, आणि त्या संशोधनात मेंढपाळाला स्थान असलेच पाहिजे.

सहभागाचा हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील शेतकरी भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे टाकण्याची जमीन भाजण्यासाठी, ऐनाच्या फांद्या पिढ्यान्‌पिढ्या तोडत आले आहेत. किती छाटले तर झाड पुन्हा फुटते आणि किती छाटले तर ते खचते, हे त्यांना जितके ठाऊक आहे तितके कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. नायजर देशात १९८० च्या दशकात टोनी रिनाडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आले की रोपे लावूनही मरत आहेत, पण शेतात जमिनीखाली जुन्या झाडांची मुळे जिवंत आहेत. शेतकऱ्यांनी त्या खुंटांचे निवडक फुटवे राखले आणि पुढच्या वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडे परतली. आपल्या डोंगरांवरही तोडलेल्या ऐन, धावडा, पळस यांच्या खुंटांना दर पावसाळ्यात फुटवे येतात, आणि चराई व वणवा त्यांना वर येऊ देत नाहीत. नव्या खड्ड्यावर होणाऱ्या खर्चाचा काही भाग हे फुटवे राखण्यावर केला तर काय होईल, याचा पद्धतशीर प्रयोग नाशिकमध्ये व्हावा असे मला फार वाटते.

२०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर ज्या निश्चयाने उभे राहिले, त्याचा मला अभिमान आहे. त्या चर्चेत सर्वाधिक बोलले गेले ते संख्येबद्दल: किती तोडणार, किती लावणार. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात ५० वर्षांवरील झाडाला वारसावृक्षाचा दर्जा आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आहे. वयाचा विचार कायद्यात आला हे चांगलेच झाले. पण त्या झाडावर कोण राहत होते आणि भरपाईची रोपे पाच वर्षांनी कुठे आहेत, याची नोंद नागरिकांनी आणि अभ्यासकांनी मिळून ठेवल्याशिवाय ती तरतूद कागदावरच राहील.

अशी नोंद ठेवण्यासाठी लागणारी माणसे आपल्याकडे आहेत. महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग, मुक्त विद्यापीठ, निफाड आणि इगतपुरीची कृषी संशोधन केंद्रे, वन विभाग, बोरगडसारखे राखीव क्षेत्र उभे करण्यात वाटा असलेले निसर्गप्रेमी, ग्रामसभा आणि शाळा हे सगळे आज आपापल्या जागी काम करत आहेत. मुलांकडून काय होऊ शकते याचे उदाहरणही देशातच आहे. २०१० पासून चालणाऱ्या सीझनवॉच उपक्रमात विद्यार्थी एकेक झाड निवडून त्याची पालवी, फुले, फळे दर आठवड्याला नोंदवतात, आणि केरळातील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे.

सुरुवात म्हणून मला एक प्रयोग सुचवावासा वाटतो. करंज, बेहडा आणि मोह यांच्या बिया सुरगाण्यातून, सिन्नरमधून आणि मालेगावातून गोळा कराव्यात, आणि तिन्ही ठिकाणी तिन्ही ठिकाणांच्या बियांची रोपे शेजारी शेजारी वाढवावीत. कोरड्या भागातील झाडाचे बी उद्याच्या कोरड्या नाशिकसाठी अधिक योग्य आहे का, याचे उत्तर त्यातून मिळू लागेल. सागाबाबत असे प्रयोग १९७० च्या दशकात भारतासह अनेक देशांनी मिळून केले होते, तेव्हा पद्धत नवी नाही. जागा लहान लागते, खर्च थोडा लागतो. पण राखणदाराचा पगार दरवर्षी निघाला पाहिजे आणि नोंदी सर्वांना पाहता आल्या पाहिजेत. मोजमाप करणाऱ्या गावकऱ्यांना मजुरी मिळावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध होताना त्यांची नावे अभ्यासकांच्या बरोबरीने छापली जावीत, ही माझी अट आहे.

ज्यांच्या शेतात, शाळेत किंवा सोसायटीत दहा गुंठे जागा वीस वर्षांसाठी देता येईल, ज्यांच्याकडे झाडांच्या मोहोराच्या वा पानगळीच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी कृपया कळवावे. बेहड्याची फळे हिवाळ्यात पिकून गळू लागतात आणि मोहाच्या बिया पावसाच्या तोंडावर हाती येतात, त्यामुळे गोळा करण्याची कामे त्या त्या तालुक्यातील लोकांमध्ये आताच वाटून घेतलेली बरी.